बिल्ला नसलेले वाहन

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास खासबागेच्या बाजारात जो कोणी उभा राहील, त्यास बेळगाव शहराच्या वाहतुकीचा प्रश्न समजून घेण्यासाठी कोणत्याही समितीचा अहवाल वाचण्याची आवश्यकता उरणार नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांस भाजीच्या पाट्या मांडलेल्या असतात, आणि उरलेल्या मधल्या पट्ट्यातून रिक्षा, टेंपो, मोटारसायकली, हातगाड्या व माणसे एकमेकांस चुकवीत वाट काढीत असतात. त्या गर्दीत एखादा विणकर साड्यांचे गाठोडे मागील कॅरियरला बांधून सायकल रेटीत असतो. त्याच्या पाठीमागून, कसलाही आवाज न करता, विजेवर चालणारी एक स्कूटर येते. ती मागे असल्यामुळे त्याला दिसत नाही आणि तिला आवाज नसल्यामुळे ऐकू येत नाही. तीस-चाळीस वर्षे सायकल चालविणाऱ्या माणसाने आपला कान हाच आपला मागचा डोळा केलेला असतो. बस आली, बुलेट आली, रिक्षा आली, हे त्याला मान न वळविता समजते. खासबाग, वडगाव, शहापूर या भागांतील गल्ल्यांत तर मागांचा खडखडाट दिवसभर चालू असतो, आणि त्या खडखडाटातूनही त्याच्या कानाने आजवर त्याचे रक्षण केले. या नव्या वाहनापुढे मात्र तो कान निरुपयोगी झाला आहे.

आम्ही विजेच्या स्कूटरचे विरोधक नाही, हे प्रारंभीच सांगून टाकतो. पेट्रोलचा दर लिटरला शंभर रुपयांच्या वर गेला तेव्हापासून मध्यम व कष्टकरी वर्गातील संसाराला ही स्कूटर म्हणजे मोठाच आधार झाला आहे. दोन-तीन युनिट विजेत दिवसभराची धाव भागते. त्यातच कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेने २०२३ पासून घरगुती वापराची वीज २०० युनिटांच्या मर्यादेत व ठरावीक सरासरीपर्यंत विनामूल्य केल्यामुळे काही घरांत स्कूटरचे 'इंधन' जवळजवळ फुकट पडते. याच राज्याने २०१७ मध्ये, देशात सर्वांच्या आधी, विजेच्या वाहनांविषयीचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. पुण्याच्या ज्या चेतकने एके काळी लग्नाच्या बाजारात वराची किंमत ठरविली, ती चेतकही २०२० पासून विजेवर धावू लागली, आणि लुनाही २०२४ मध्ये नव्या अवतारात परत आली. धूर नाही, आवाज नाही, खर्च नाही. अशा वाहनाला कोण नावे ठेवील? आमचा प्रश्न निराळा आहे. हे वाहन रस्त्यावर ज्याच्या शेजारून धावते त्या सायकलस्वारास धक्का लागला, तर त्याच्या अंथरुणाचा, औषधांचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च कोणी द्यावयाचा?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर प्रथम हे समजून घेतले पाहिजे की, बाजारात जिला आपण सरसकट 'इलेक्ट्रिक' म्हणतो ती कायद्याच्या दृष्टीने एक वस्तू नसून दोन वस्तू आहेत. पहिली म्हणजे हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत क्रमांक लिहिलेली स्कूटर. ही पेट्रोलच्या स्कूटरप्रमाणेच 'मोटार वाहन' आहे. तिची नोंदणी लागते, चालकास परवाना व शिरस्त्राण लागते आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमाप्रमाणे तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा लागतो. दुसरी म्हणजे जिला क्रमांकाची पाटीच नाही अशी. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत अशी तरतूद आहे की, ज्या बॅटरीवरील वाहनाच्या मोटारीची शक्ती पाव किलोवॉटहून कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी आहे ते, मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तसे पडताळून दिल्यास, मोटार वाहन समजले जाणार नाही. म्हणजे त्यास नोंदणी नको, परवाना नको आणि विमाही नको. कायद्याच्या दृष्टीने ते आणि विणकराची सायकल एकाच पंक्तीला बसतात.

येथे आमच्या वयाच्या वाचकांस एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. आपल्याकडील अनेक नगरपालिका एके काळी सायकलींवर कर घेत आणि कर भरल्याची खूण म्हणून एक लहानसा बिल्ला देत. तो सायकलीच्या दांड्याला लावावा लागे. रात्री दिवा नसला, किंवा पुढे मित्राला बसवून 'डबल सीट' जाताना सापडले, तर पोलीस चाकाची हवा सोडून देत आणि सायकल हाताने ओढीत घरी जावे लागे. ज्या वाहनास इंजिन नव्हते, ज्याचा वेग चालविणाऱ्याच्या पोटातल्या भाकरीवर अवलंबून होता, त्यालाही त्या काळी बिल्ला होता. आज शेकडा किलो वजन घेऊन ताशी २५ किलोमीटरने धावणाऱ्या यंत्राला बिल्ला नाही. धडक देऊन ते गर्दीत मिसळले तर शोधावयाचे कशावरून? रंगावरून?

त्यातही, ताशी २५ किलोमीटरची मर्यादा जेथे खरोखर पाळली जाते तेथे धोका त्या मानाने मर्यादित राहतो, हे आम्ही मान्य करतो. परंतु ही मर्यादा बहुधा यंत्राच्या अंगची नसते. ती नियंत्रकात बसविलेली असते, आणि जे बसविता येते ते काढताही येते. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी अशा फेरफार केलेल्या दुचाकींची तपासणी करण्याचे आदेश दिले होते, यावरून रोग किती पसरला होता याची कल्पना यावी. सीमेच्या अलीकडे तो नाही असे समजण्याचे कारण नाही. विक्रेता गिऱ्हाइकास सांगतो, 'पासिंग नको, लायसन नको, इन्शुरन्स नको', आणि नंतर हळूच, 'वेग वाढवूनही मिळेल.' गिऱ्हाईक हरखते. शाळेत जाणाऱ्या मुलासाठी गाडी घेतली जाते. पैकी एकाच्याही ध्यानात येत नाही की, मर्यादा काढल्याक्षणी ते वाहन नियमाने दिलेल्या सवलतीच्या बाहेर पडले आणि पुन्हा मोटार वाहन झाले. आता ते नोंदणी नसलेले, विमा नसलेले, परवाना नसलेल्याने चालविलेले मोटार वाहन आहे. २०१९ च्या दुरुस्तीने असे बेकायदा वाहन विकणाऱ्या व्यापाऱ्यास प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपयांपर्यंत दंड वा एक वर्षापर्यंत कारावास आणि अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकास २५,००० रुपयांपर्यंत दंड व तीन वर्षांपर्यंत कारावास ठेवलेला आहे. पण तुरुंगाचे भय दाखविण्यासाठी आम्ही लिहीत नाही. त्याहून मोठे भय पैशाचे आहे, आणि ते हिशेबाने दाखविता येते.

समजा, उद्यमबागेतील फाउंड्रीतून पाळी संपवून खासबागेकडे परतणारा एक कामगार आहे. वय ३८, महिन्याची मिळकत १२,००० रुपये, घरी पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई. वेग वाढविलेल्या अशा एका स्कूटरने त्याच्या सायकलीला मागून धडक दिली आणि त्यात तो दगावला. मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाई कशी मोजते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांनी ठरून गेले आहे. वर्षाची मिळकत १,४४,००० रुपये. कायम नोकरी नसलेल्या, चाळिशीच्या आतील माणसाच्या बाबतीत भावी वाढ म्हणून तीत ४० टक्के मिळवावयाचे, म्हणजे २,०१,६०० रुपये झाले. चार आश्रित असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा करावयाचा, उरले १,५१,२००. त्याच्या वयास १५ हा गुणक लागतो. गुणाकार २२,६८,००० रुपये येतो. अंत्यविधी वगैरे ठरावीक रकमा आणि व्याज निराळेच. स्कूटरला विमा असता तर ही रक्कम विमा कंपनीने भरली असती. विमा नाही, म्हणून ती स्कूटरच्या मालकाने भरावयाची. मालक म्हणजे कोण? बहुधा तोही एक विणकरच, ज्याने मुलाच्या हट्टासाठी कर्ज काढून गाडी घेतली. एका घरातला कर्ता गेला आणि दुसऱ्या घराचे घर गेले.

आता विम्याचा भाव पाहा. २०२२ च्या अधिसूचनेने तीन किलोवॉटपर्यंतच्या विजेच्या दुचाकीस तिऱ्हाइताच्या विम्याचा वर्षाचा मूळ हप्ता ४५७ रुपये आणि तीन ते सात किलोवॉटपर्यंतच्या दुचाकीस ६०७ रुपये ठेवण्यात आला. पेट्रोलच्या तशाच वाहनापेक्षा तो १५ टक्क्यांनी कमी आहे. ४५७ रुपये एका पारड्यात आणि पावणेतेवीस लाख दुसऱ्या पारड्यात! 'इन्शुरन्स नको' हे ज्या विक्रेत्याने गुण म्हणून सांगितले, तो गिऱ्हाइकाच्या हिताचे बोलत होता की अहिताचे, हे वाचकांनीच ठरवावे.

आणि स्कूटर खरोखरच नियमातली, २५ च्या आतील असेल तर? तर सायकलस्वाराची स्थिती आणखी चमत्कारिक होते. वाहन मोटार वाहन नाही, म्हणून न्यायाधिकरणाचे दार बंद. धडक देऊन पळालेल्या अज्ञात मोटार वाहनामुळे मृत्यू आल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास ५०,००० रुपये देणारी जी योजना १ एप्रिल २०२२ पासून अमलात आहे, तीही मोटार वाहनापुरतीच आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांस सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे विनामूल्य उपचार देण्याची योजना जाहीर केली, तिचाही आधार मोटार वाहनाचा वापर हाच आहे. उरला दिवाणी दावा. तो कोर्ट फी भरून लावावयाचा, वकील द्यावयाचा आणि तारखा मोजीत बसावयाचे. ज्याचा हात प्लॅस्टरमध्ये आहे त्याने हे करावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. एका नियमातील दोन-चार ओळींमुळे हाड तेच, वेदना तीच आणि रस्ता तोच असूनही हक्क मात्र निराळा झाला आहे.

प्रत्यक्षात गोष्ट न्यायालयापर्यंत जातच नाही, हे आम्ही जाणतो. बाजारात धक्का लागला की चार शहाणी माणसे जमतात. 'जाऊ द्या हो, पोरगं आहे,' असे कोणी म्हणतो. दुसरा सायकलचे वाकलेले चाक पायाने सरळ करून देतो. स्कूटरवाला पाचशेची नोट काढतो आणि पडलेला माणूस ती घेऊन, धूळ झटकून चालू लागतो. आपल्या समाजातील ही समजूतदारपणाची रीत आम्हांस प्रिय आहे. ती नसती तर शहरे चाललीच नसती. परंतु संध्याकाळी मनगट सुजते, दुसऱ्या दिवशी क्ष-किरण चित्रात हाड मोडलेले दिसते, आणि ज्याची मजुरी नगावर आहे त्याचा माग दीड-दोन महिने थांबतो. विणकराचे मनगट म्हणजे त्याचे शेत आहे. तुटलेला धागा गाठण्यास बोटे हवीत, नळी बदलावयास हात हवा. दोन महिन्यांनंतर स्कूटरवाल्याला शोधावयाचे म्हटले तर नाव माहीत नाही, पाटी पाहिलेली नाही, पोलिसांत वर्दी नाही आणि दवाखान्यातील कागदावर 'सायकलवरून पडला' एवढेच लिहिलेले. ही शेवटची चूक तर हमखास होते. डॉक्टरने विचारले असता लोक भिडेखातर 'पडलो' म्हणतात. तो एक शब्द पुढे विमा कंपनीचा वकील दोन बोटांत धरून न्यायाधीशांना दाखवितो.

यास्तव आमचे सांगणे असे की, समेट करावयाचा असेल तर जरूर करावा, पण आधी क्रमांकाचे वा वाहनाचे छायाचित्र घ्यावे, दवाखान्यात कोणत्या वाहनाने धडक दिली ते स्पष्ट लिहवून घ्यावे आणि दुखापत असल्यास वर्दी द्यावी. जखमीस उचलून नेणाऱ्याला पोलीस त्रास देतील या भीतीने लोक मागे सरतात. तसा त्रास त्यास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने १३४ अ हे कलम खास घातले आहे. वर्दीविषयी सीमाभागातील मराठी माणसाची एक जुनी अडचण आहे, ती येथे सांगितली पाहिजे. कागद कन्नडमध्ये लिहिला जातो, आणि ज्याला कन्नड बोलता येते पण वाचता येत नाही तो खाली सही करून मोकळा होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे लिहिलेली वर्दी देणाऱ्यास वाचून दाखविली पाहिजे आणि तिची प्रत विनामूल्य दिली पाहिजे. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. स्कूटर डावीकडून आली की मागून आली, एवढा एक शब्द त्या कागदावर चुकला तर सगळा दावा उलटा फिरू शकतो. भांडण न करता, नम्रपणे, 'साहेब, वाचून दाखवा,' एवढे म्हणण्यास काही लागत नाही.

सीमेची आणखी एक बाजू आहे, आणि ती सुदैवाने जखमीच्या फायद्याची आहे. खासबागेच्या बाजारात केए २२ च्या गाड्यांबरोबर निपाणी-चिकोडीकडच्या केए २३, कोल्हापूरच्या एमएच ०९ आणि गोव्याच्या गाड्याही दिसतात. चंदगड तालुक्यातील शेतकरी बेळगावास आला आणि येथे त्यास धडक बसली, तर तारखांसाठी त्याने बेळगावच्या खेपा घालाव्यात असे नाही. कायद्याच्या १६६ व्या कलमाने अपघात जेथे झाला तेथील, किंवा स्वतः जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची मुभा त्यास दिलेली आहे. विमा पॉलिसीलाही राज्याची सीमा नसते. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने अर्जास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. त्या मुदतीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. निकाल काय लागावयाचा तो लागो, शहाण्याने सहा महिने उलटू देऊ नयेत.

हिरव्या पाटीच्या गाड्यांचे मालक येथपर्यंत वाचून निश्चिंत झाले असतील, तर त्यांना थोडे जागे करणे आमचे कर्तव्य आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर तिऱ्हाइताचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. सोय चांगली, पण तिचा एक दुष्परिणाम असा की, पाच वर्षांत माणूस विमा ही गोष्टच विसरतो. विजेच्या स्कूटरचा सुळसुळाट २०२१ च्या सुमारास सुरू झाला. त्या पहिल्या लाटेतील गाड्यांची पाच वर्षे आता भरली आहेत किंवा भरत आली आहेत. गाडी तीच, पाटी तीच, पण आतला विमा संपलेला. खंडेनवमीला आपण मागाला आणि गाडीला झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू वाहतो. त्याच दिवशी डिकीतला कागद काढून त्यावरील तारीख एकदा वाचावी. पूजेत त्याने काही उणेपणा येणार नाही.

जुन्या गाडीच्या सौद्याचेही तसेच. बॅटरी उतरू लागली की मालक गाडी विकतो, 'कागद नंतर करू' म्हणतो, आणि ते नंतर कधी उगवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे की, नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच भरपाईपुरता मालक, मग गाडी मध्ये कितीही हातांतून फिरलेली असो. कोल्हापूरची गाडी बेळगावात विकून पाच वर्षे झाली, पण नाव बदलले नाही, तर नोटीस कोल्हापूरच्या घरी जाते. पाठीमागे बसणाऱ्याविषयीही एक खुलासा करावासा वाटतो. केवळ तिऱ्हाइताच्या विम्याची पॉलिसी असेल तर मागच्या सीटवरील व्यक्ती तीत धरली जात नाही, असा २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. सर्वसमावेशक पॉलिसीत ती धरली जाते. मागच्या सीटवर बहुतेक वेळा कोण बसलेले असते, हे संसारी वाचकांस सांगावयास नको.

सायकलस्वारांच्या बाजूने आम्ही एवढे बोललो, म्हणून त्यांचे दोष झाकावेत असे नाही. विरुद्ध दिशेने येणे, हात न दाखविता एकाएकी वळणे, अंधारात दिव्याशिवाय किंवा मागे तांबड्या चकतीशिवाय जाणे, या सवयी मुबलक आहेत, आणि न्यायाधिकरण त्या लक्षात घेऊन भरपाईत कपातही करते. पण दोषांची तुलना करताना वजन व वेग विसरून चालणार नाही. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सात मीटर. समोर कोणी आडवे आले हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, आणि ब्रेक नीट लागला, तर गाडी सुमारे बारा मीटरवर थांबते. वेग ५० असेल तर तेच अंतर तेहतीस मीटरांच्या घरात जाते आणि धडकेचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर ही अंतरे आणखी वाढतात, आणि बेळगावचा पावसाळा काही लहान नसतो. शिवाय विजेची मोटार मूठ पिळताच पहिल्याच क्षणी पूर्ण जोर देते. पेट्रोलचे इंजिन थोडे गुरगुरून मग उचल घेते, आणि त्या गुरगुरण्यात समोरच्यास बाजूला होण्याची सूचना असते. २०२२ मध्ये देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरील ७४,८९७ होती, आणि सायकलस्वार साडेचार हजारांच्या वर. म्हणजे या दोघांना एकमेकांचे शत्रू समजण्यात अर्थ नाही. दोघेही त्याच रस्त्याचे बळी आहेत.

परदेशांत हा प्रश्न सुटला आहे असे नव्हे, परंतु तेथे तो निदान ओळखला गेला आहे. जर्मनीने २०१९ मध्ये उभ्याने चालविण्याच्या छोट्या विद्युत स्कूटरना परवानगी देताना त्यांचा वेग ताशी २० किलोमीटरवर बांधला आणि प्रत्येकीवर विम्याची एक लहानशी चिकटपट्टी सक्तीची केली. मोठी नोंदणी नाही, परवाना नाही, पण कोणाचा विमा आहे ते पट्टीवरून कळते. आम्ही वर ज्या बिल्ल्याची आठवण काढली तोच हा बिल्ला, जर्मन वेषातला. आम्सटरडॅमने त्याच वर्षी ताशी २५ च्या हलक्या स्कूटर सायकलींच्या मार्गावरून काढून मोठ्या रस्त्यावर आणल्या आणि चालकास शिरस्त्राण सक्तीचे केले. सायकलस्वारांच्या देशात सायकलस्वाराचा शब्द वजनदार ठरला. युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या मोटारीस मंद वेगात कृत्रिम आवाज करावा लागतो, पण दुचाकीस तो नियम नाही. ज्या देशात विजेच्या दुचाकी रस्त्यावर अधिक आणि मोटारी कमी, त्या आपल्या देशाने आधी दुचाकींचा विचार करावयास हवा.

आमच्या मते केंद्राने नियमातील सवलत काढून टाकण्याची गरज नाही. पायटा मारून चालणाऱ्या, मोटारीची केवळ मदत घेणाऱ्या सायकलीस ती खुशाल राहू द्यावी. परंतु पायटा नसलेल्या, स्कूटरच्या आकाराच्या प्रत्येक वाहनास एक क्रमांक आणि विम्याचा एक लहान बिल्ला असावा, त्याचा हप्ता वर्षाला शे-दोनशे रुपयांहून अधिक नसावा, आणि तो विक्रीच्या वेळीच घेतला जावा. प्रादेशिक परिवहन खात्याने रस्त्यावर पोरांना अडविण्याआधी दुकानात जावे. वेग वाढवून देणारे हात शहरात मोजके असतात आणि ते कोठे बसतात हे गिऱ्हाइकांस ठाऊक असते, तर खात्यास का असू नये? बेळगावचे नाव जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट शहरांच्या पहिल्या वीसांत झळकले होते. त्या स्मार्टपणाचा एखादा कवडसा खासबागेच्या रविवारवरही पडावा. बाजाराच्या वेळेपुरते तरी मुख्य रस्त्यावर सर्व स्वयंचलित वाहनांस पर्यायी वाट द्यावी आणि विक्रेत्यांस ठरलेल्या रेषेच्या आत बसवावे. रेषा आखून दुसऱ्या आठवड्यात त्या पुसट होऊ देण्याचा अनुभव आम्ही पुष्कळ घेतला आहे.

हे सारे होईल तेव्हा होईल. तोवर सायकलीवर जाणाऱ्या माणसाजवळ स्वतःचे म्हणून काय आहे? फारसे नाही. बँकेत बचत खाते असलेल्या १८ ते ७० वयाच्या कोणासही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत सामील होता येते. अपघाती मृत्यूस दोन लाख, दोन्ही हात, दोन्ही पाय वा दोन्ही डोळे गेल्यास दोन लाख, एक गेल्यास एक लाख. धडक देणारे वाहन मोटार वाहन होते की नव्हते, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. मोडलेल्या मनगटाचे मात्र तीतून काही मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. योजनेचे वर्ष १ जूनला सुरू होते आणि हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो, म्हणून मे अखेरीस खात्यात वीस रुपये शिल्लक आहेत ना, एवढे पाहावयाचे. अर्ज मराठीतही छापलेला आहे. शाखेत तो मागून घ्यावा लागेल, इतकेच.